नियंत्रित मूलक-बहुवारिकीकरण : खंडित व शाखित सहबहुवारिकांची रचना

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून उल्हासनगरलगतच्या शहाडपर्यंतचा पट्टा हा रासायनिक उद्योगांचा पट्टा होय. शहाड येथे सेल्युलोजपासून रेयॉनचा धागा निघतो. अंबरनाथ येथे नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा जहाजांना लागणारे लेप, रबरे व बहुवारिके यांवर काम करते. या दोन ठिकाणी हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांत एक मूलभूत भेद आहे. सेल्युलोजची शृंखला वनस्पतीने आधीच तयार करून ठेवलेली असते. कारखाना तिला विरघळवितो व पुन्हा धाग्याच्या रूपात आणतो. लेपातील ॲक्रिलिक बहुवारिकाची शृंखला मात्र रसायनज्ञाला एकेक एकवारिक जोडून स्वतः उभारावी लागते. ती किती लांब असावी, तिच्यात कोणते एकवारिक कोठे बसावे, तिला फांद्या किती असाव्यात हे सर्व त्याच्या स्वाधीन असावयास हवे. परंतु दीर्घकाळ ते तसे नव्हते. ते अंशतः तरी कसे स्वाधीन झाले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

मूळ अडचण

मुक्त मूलकांच्या साहाय्याने होणारे बहुवारिकीकरण ही उद्योगधंद्यातील अत्यंत सोयीची पद्धती आहे. तिला पाण्याचे वावडे नाही, पुष्कळशी एकवारिके तिला चालतात आणि तापमानही फार कठोरपणे सांभाळावे लागत नाही. तिचा दोष तिच्या वेगातच दडलेला आहे. ६०° से. तापमानास स्टायरिनच्या वाढीचा गतिस्थिरांक सुमारे ३४० लिटर प्रतिमोल प्रतिसेकंद इतका असतो. शुद्ध स्टायरिनची संहती दर लिटरास सुमारे ८.७ मोल धरली, तर एक वाढते टोक एका सेकंदात जवळजवळ तीन हजार एकवारिके गिळते. परंतु दोन मूलकांची गाठ पडली की दोघेही नष्ट होतात. या समाप्तीचा गतिस्थिरांक १०⁸ च्या आसपास, म्हणजे वाढीच्या स्थिरांकापेक्षा लाखो पटींनी मोठा असतो. त्यामुळे प्रत्येक शृंखलेचे आयुष्य सामान्यतः सेकंदाच्या आगेमागे असते. पात्रातील विक्रिया दहा तास चालली, तरी तिच्यातील कोणतीही एक शृंखला जन्मते, वाढते आणि मरते ती क्षणार्धातच.

याचे दोन परिणाम होतात. सकाळी जन्मलेली शृंखला आणि सायंकाळी जन्मलेली शृंखला यांना भिन्न परिस्थिती लाभते. म्हणून त्यांच्या लांबीत व घटनेत फरक पडतो. भारसरासरी रेणुभाराला संख्यासरासरी रेणुभाराने भागिले असता येणारा वितरण-गुणांक अशा विक्रियेत आदर्श स्थितीतही १.५ ते २ च्या खाली येत नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पहिले एकवारिक संपल्यावर दुसरे घालावे आणि त्याच शृंखलेला नवा खंड जोडावा असे म्हटले, तर जोडावयास जिवंत टोकच उरलेले नसते. ज्यांना प्रयोगशाळेत ‘ब्लॉक कोपॉलिमर’ म्हणतात ती खंडित सहबहुवारिके या मार्गाने मिळू शकत नाहीत.

जिवंत टोकांची पहिली सिद्धी

या अडचणीतून पहिला मार्ग १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्झ यांनी दाखविला. सोडियम नॅफ्थॅलिनाइडने सुरू केलेल्या स्टायरिनच्या ऋणायनी बहुवारिकीकरणात टोके परस्परांना मारीत नाहीत, कारण दोन ऋणभारित टोके एकमेकांना दूर लोटतात. एकवारिक संपले तरी टोक टिकून राहते आणि नवे एकवारिक मिळताच वाढ पुन्हा सुरू होते. अशा बहुवारिकांना श्वार्त्झ यांनी ‘जिवंत’ हे विशेषण दिले. स्टायरिन व ब्युटाडाइन यांच्या खंडांपासून बनणारी, तापविली असता वितळणारी रबरे याच तत्त्वावर उभी राहिली.

तथापि ऋणायनी पद्धती अतिशय सोवळी आहे. पाण्याचा अंश, हवेतील ऑक्सिजन, कार्बन डायॉक्साइड यांपैकी कशाचाही स्पर्श तिला सोसत नाही. मेथॅक्रिलेट व ॲक्रिलेट एकवारिकांत तर कार्बोनिल गटावरही टोकाचा हल्ला होतो आणि दुय्यम विक्रिया उद्भवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या प्रश्नावर झालेले काम लक्षणीय आहे. तेथील डी. बास्करन व एस. शिवराम यांनी १९९७ मध्ये असे दाखविले की, मिथिल मेथॅक्रिलेट व तृतीयक-ब्युटिल ॲक्रिलेट यांच्या ऋणायनी बहुवारिकीकरणात लिथियम परक्लोरेट हे साधे लवण मिसळल्यास टोकांचे वर्तन बदलते आणि अरुंद वितरणाची बहुवारिके मिळतात. ऋणायनी टोके एकमेकांस चिकटून जे पुंज बनवितात, त्यांच्या संतुलनावर लवणाचा प्रभाव पडतो, हे यामागील मर्म होय. परंतु हे यशही शून्याखालील तापमानात व काटेकोर शुद्धतेतच साधते. मूलकांची सहनशीलता आणि ऋणायनी टोकांचे दीर्घायुष्य हे दोन गुण एकाच पद्धतीत आणता येतील काय, हाच खरा प्रश्न होता.

निद्रित शृंखलांचे तत्त्व

या प्रश्नाचे उत्तर मूलकाला अधिक काळ जगविण्यात नसून त्याला बहुतेक काळ निजविण्यात आहे. वाढत्या टोकावर असा एखादा गट बसवावा की तो प्रतिवर्ती रीतीने सुटावा व पुन्हा बसावा. गट बसलेला असताना शृंखला निद्रित असते; तिला ना वाढ, ना मरण. गट सुटताच ती क्षणभर जागी होते, काही एकवारिके जोडते व पुन्हा निजते. सर्व शृंखला प्रारंभीच जन्मलेल्या असतात आणि आळीपाळीने जाग्या होत असल्यामुळे सर्वांची वाढ सारख्या गतीने होते. सरासरी लांबीही मग पूर्वीच ठरविता येते : वापरल्या गेलेल्या एकवारिकाच्या मोलसंख्येस प्रारंभकाच्या मोलसंख्येने भागिले की झाले.

ही निद्रा किती गाढ असते याची कल्पना एका उदाहरणाने येईल. ६०° से. ला शुद्ध स्टायरिन घेऊन शंभर एककांच्या शृंखलेचे लक्ष्य ठेविले आणि दहा तासांत निम्मे एकवारिक वापरले गेले, असे मानू. प्रत्येक शृंखलेला तोवर सरासरी ५० एकके जोडली गेली. वरील गतिस्थिरांक धरून गणित केले असता दिसते की, त्या ३६,००० सेकंदांपैकी प्रत्येक शृंखला एकूण केवळ ०.०२३ सेकंद जागी होती.

ही व्यवस्था आपोआप कशी जमते, याचे स्पष्टीकरण हान्स फिशर यांनी १९८६ पासून मांडलेल्या ‘चिरस्थायी मूलक-परिणामा’त सापडते. निद्रित शृंखला फुटली की एक चंचल मूलक आणि एक चिरस्थायी घटक असे दोन भाग होतात. चंचल मूलक आपसांत भिडून मरतात. चिरस्थायी घटक एकमेकांशी संयोग पावत नाहीत. म्हणून आरंभीच्या प्रत्येक मृत्यूबरोबर चिरस्थायी घटकांची संख्या वाढत जाते आणि समतोल निद्रित बाजूकडे अधिकाधिक झुकतो. आरंभीचे काही मृत्यू हेच पुढील शिस्तीचे मूल्य होय.

तीन प्रमुख पद्धती

या तत्त्वाची चाहूल ओत्सु यांच्या १९८२ मधील ‘इनिफर्टर’ कल्पनेत लागली होती. पुढे तीन पद्धती विशेष रूढ झाल्या.

पहिली नायट्रॉक्साइड पद्धती. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड सॉलोमन, एझिओ रिझार्डो व सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. १९९३ मध्ये कॅनडात मायकेल जॉर्जेस व सहकाऱ्यांनी बेंझॉइल परॉक्साइड आणि ‘टेंपो’ हा स्थिर नायट्रॉक्साइड वापरून स्टायरिनचे असे बहुवारिक मिळविले की त्याचा वितरण-गुणांक १.३ च्या खाली होता. पद्धती साधी आहे आणि धातू लागत नाही. परंतु टेंपोच्या बाबतीत तापमान १२०° से. च्या आसपास ठेवावे लागते, आणि मेथॅक्रिलेटांशी तिचे फारसे जमत नाही.

दुसरी अणु-स्थलांतर पद्धती. १९९५ मध्ये जपानात सावामोतो यांच्या गटाने रुथेनियमच्या आणि अमेरिकेत वांग व मातियाशेव्स्की यांनी तांब्याच्या संयुगांच्या साहाय्याने ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. येथे निद्रित शृंखलेच्या टोकास क्लोरीन किंवा ब्रोमीन असतो. एकसंयुजी तांबे तो हॅलोजन उचलून घेते व शृंखला जागी होते. द्विसंयुजी झालेले तांबे तो परत देते व शृंखला निजते. हिचा मोठा गुण असा की, प्रारंभक हा साधा हॅलोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ असल्यामुळे त्यावर रसायनज्ञ हवा तो कार्यकारी गट बसवू शकतो. दोष असा की, पदार्थात तांबे उरते. पुढे अपचायकाच्या साहाय्याने तांब्याचे पुनरुज्जीवन करण्याच्या रीती निघाल्या व त्याचे प्रमाण दशलक्षांश भागांवर आणता आले. कार्बॉक्सिलिक आम्लगट असलेली एकवारिके या पद्धतीत सहसा अडचणीची ठरतात.

तिसरी प्रतिवर्ती योग-विखंडन स्थलांतर पद्धती, जिला सर्वत्र ‘राफ्ट’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील रिझार्डो, ग्रॅम मोड, सान थांग व सहकारी यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. हिच्यात डायथायोएस्टर अथवा ट्रायथायोकार्बोनेट यांसारखे गंधकयुक्त संयुग एका शृंखलेच्या टोकावरून दुसरीच्या टोकावर जात राहते. मूलकांचा पुरवठा नेहमीच्या प्रारंभकाकडूनच होतो. म्हणून प्रारंभक जितका कमी, तितक्या मृत शृंखला कमी. आम्लगट असलेली एकवारिकेही येथे चालतात, आणि झँथेट वापरल्यास व्हिनिल ॲसिटेटही वश होते. गंधकगटामुळे येणारा रंग व वास ही तिची उणी बाजू.

मृत शृंखलांचा हिशेब

नियंत्रित पद्धतीतही मूलक हे मूलकच राहतात आणि दोन जागी टोके भेटली तर मरतातच. यासाठीच शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१० मध्ये ‘जिवंत’ हे विशेषण येथे टाळून ‘प्रतिवर्ती निष्क्रियीकरणाचे मूलक-बहुवारिकीकरण’ ही संज्ञा सुचविली. नावापेक्षा महत्त्वाचा आहे तो हिशेब.

मूलकांची संहती सर्व काळ स्थिर धरिली, तर मृत टोकांचे प्रमाण समाप्तीच्या गतिस्थिरांकाशी आणि लक्ष्य-लांबीशी समप्रमाणात असते; उरलेल्या एकवारिकाच्या अंशाच्या नैसर्गिक लघुगणकाच्या वर्गाशीही ते समप्रमाणात असते. उलट, एकवारिकाची आरंभीची संहती, विक्रियेचा काळ आणि वाढीच्या गतिस्थिरांकाचा वर्ग यांच्याशी ते व्यस्त प्रमाणात असते. वर घेतलेल्या स्टायरिनच्या उदाहरणास हे लावून पाहिले, समाप्तीचा स्थिरांक १०⁸ धरला आणि प्रत्येक समाप्तीत दोन टोके जातात हे लक्षात घेतले, तर उत्तर सुमारे २६ टक्के येते. निम्म्या रूपांतरणालाच एक-चतुर्थांशाहून अधिक टोके गेलेली! अशा बहुवारिकाचा वितरण-गुणांक अरुंद दिसेलही. परंतु त्यास दुसरा खंड जोडावयास गेल्यास मृत शृंखला तशाच मागे राहतील आणि सहबहुवारिकात साध्या पॉलिस्टायरिनची भेसळ होईल.

याच विक्रियेचे तापमान ११०° से. केले, तर वाढीचा स्थिरांक सुमारे १,५८० होतो. इतर गोष्टी तशाच धरल्या असता मृत टोकांचे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित वर येते. स्टायरिनसाठी उच्च तापमान का पसंत करतात, याचे हे उघड कारण आहे; मात्र त्या तापमानास स्टायरिन स्वतःहूनही मूलके निर्माण करू लागते, हेही विसरता येत नाही. उलट मिथिल ॲक्रिलेटचा स्थिरांक ६०° से. लाच स्टायरिनच्या ऐंशीपटींच्या घरात असल्यामुळे, वर्गाच्या नियमाने, त्यात मृत टोकांचा धोका हजारो पटींनी कमी होतो. म्हणून ॲक्रिलेटांच्या लांब शृंखला सहज साधतात, तर स्टायरिन व मेथॅक्रिलेट यांच्या बाबतीत घाई अंगाशी येते. वेळ दुप्पट दिला तर मृत टोके निम्म्यावर येतात. लांबी दुप्पट मागितली तर ती दुप्पट होतात. प्रयोग योजण्यापूर्वी कागदावर करावयाचा हिशेब तो हाच.

खंडांचा क्रम

खंडित सहबहुवारिके करताना कोणता खंड आधी घ्यावा, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मेथॅक्रिलेटचे तृतीयक मूलक ॲक्रिलेटच्या द्वितीयक मूलकापेक्षा स्थिर असल्यामुळे त्याच्या टोकाचा गट अधिक सहज सुटतो. पहिला खंड ॲक्रिलेटचा आणि दुसरा मेथॅक्रिलेटचा असा क्रम घेतल्यास पहिल्या खंडाची टोके जड निद्रेतून सावकाश जागी होतात, तर जी जागी झाली ती भराभर वाढतात. परिणामी काही शृंखलांना अतिशय लांब दुसरा खंड लाभतो व काहींना मुळीच लाभत नाही. म्हणून सामान्य नियम असा की, मेथॅक्रिलेट आधी आणि ॲक्रिलेट किंवा स्टायरिन नंतर. अणु-स्थलांतर पद्धतीत उलटा क्रम अपरिहार्य असेल, तर टोकास ब्रोमीन ठेवून तांब्याचे क्लोराइड वापरतात. नव्या खंडाचे टोक क्लोरीनचे झाल्याने त्याची वाढ मंदावते व दोन्ही पावले जुळतात. राफ्ट पद्धतीत ही सवलत नाही. तेथे क्रम पाळावाच लागतो.

शाखांची रचना

शाखित बहुवारिकांचे तीन प्रकार विशेष अभ्यासिले जातात. ताऱ्याच्या आकाराची बहुवारिके अनेक टोके असलेल्या प्रारंभकापासून वाढवितात. येथे मृत टोकांचा हिशेब अधिकच कडक होतो. प्रत्येक भुजेचे टोक मृत असण्याची शक्यता पाच टक्के मानली, तर आठही भुजा सजीव असलेले तारे केवळ ६६ टक्के उरतात. त्यातून दोन ताऱ्यांच्या भुजा भिडल्या तर दोन तारे जोडले जातात; साध्या शृंखलेत नगण्य वाटणारी समाप्ती येथे रेणुभार दुप्पट करून बसते. यास्तव अशा विक्रिया कमी रूपांतरणाला थांबविणे इष्ट.

दुसरा प्रकार कंगव्यासारख्या किंवा कुंचल्यासारख्या कलमी बहुवारिकांचा. मुख्य शृंखलेवर प्रारंभक-गट ठेवून तेथून शाखा वाढविता येतात, किंवा टोकाला विक्रियाशील गट असलेल्या लहान शृंखला आधी तयार करून त्या जोडता येतात. या दुसऱ्या मार्गाला लागणारे दीर्घ-एकवारिक बनविण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा आहे. तेथील प्रकाश वाडगांवकर व सहकारी यांनी २०१२ मध्ये दोन अलिलॉक्सी गट धारण करणारा अणु-स्थलांतर पद्धतीचा नवा प्रारंभक प्रसिद्ध केला. त्यापासून पॉलिस्टायरिन व पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट यांच्या अशा शृंखला मिळतात की, त्यांच्या एका टोकास ते दोन्ही गट असतात आणि पुढील रूपांतरणांना आधार देतात. प्रारंभकाच्या रेणूत एकदा घातलेले श्रम प्रत्येक शृंखलेच्या टोकाशी फलद्रूप होतात, हे या कामाचे सार होय.

तिसरा प्रकार अतिशाखित बहुवारिकांचा. १९९५ मध्ये फ्रेशे यांनी स्वयंसंघनन-व्हिनिल बहुवारिकीकरणाची कल्पना मांडली. एकाच रेणूत व्हिनिल गट आणि प्रारंभक-गट दोन्ही असले, तर तो रेणू एकवारिक म्हणून शृंखलेत बसतो व त्याच वेळी नवी शाखाही सुरू करतो. क्लोरोमिथिल-स्टायरिन हा अशा रेणूचा परिचित नमुना असून अणु-स्थलांतर पद्धतीने त्याची शाखित बहुवारिके केली गेली आहेत. येथे वितरण अरुंद नसते. परंतु शाखांची दाटी रेणूला आटोपशीर व द्रावणाला पातळ ठेवते.

उपयोग व मर्यादा

अशा रचनांचा उपयोग कोठे होतो, हे पाहण्यास जहाजाच्या तळाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. समुद्राच्या पाण्यात तळावर शंखशिंपले व शेवाळ धरते आणि इंधनाचा खर्च वाढतो. एके काळी ट्रायब्युटिल-कथिल मेथॅक्रिलेटच्या सहबहुवारिकांचे लेप त्यावर प्रभावी ठरले. लेप हळूहळू झिजत जाई व विष सुटत राही. परंतु ते विष अन्य सागरी जीवांनाही मारक ठरल्याने २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ मध्ये अमलात आला, अशा लेपांवर बंदी आली. आता प्रश्न असा आहे की, विषाचा आधार नसताना झीज तरी ठरल्या वेगाने कशी होईल? फ्रान्समधील तुलाँ येथील संशोधकांनी राफ्ट पद्धतीने सिलिल मेथॅक्रिलेटांची नियंत्रित बहुवारिके बनविली ती याच हेतूने. सामान्य पद्धतीच्या सहबहुवारिकात सिलिल गट कोठेही विखुरलेले असतात. खंडित सहबहुवारिकात ते एकत्र ठेविता येतात, आणि लेपाची झीज शृंखलेच्या रचनेतच लिहिता येते. अंबरनाथसारख्या ठिकाणी, जेथे नौदलाच्या लेपांचा विचार होतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मोठ्या कारखान्यात स्वस्त ॲक्रिलिक पायस करावयाचे असेल, तर आजही सामान्य मूलक-बहुवारिकीकरणच योग्य आहे. तांबे काढणे, गंधकगट काढणे, दीर्घ काळ तापमान सांभाळणे यांचा खर्च त्याच पदार्थात भरून निघतो, ज्याचा गुण शृंखलेच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून आहे.

प्रयोग करणाऱ्याने तीन पुरावे एकत्र मागावेत. रेणुभार रूपांतरणाबरोबर सरळ रेषेत वाढतो काय? टोकाचा गट खरोखरी शिल्लक आहे काय, याची साक्ष अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन देते काय? आणि दुसरा खंड जोडल्यावर जेल-वर्णलेखातील शिखर संपूर्ण सरकले, की मागे जुन्या जागी एक फुगवटा राहिला? यांतला तिसरा पुरावा सर्वांत कठोर होय. अरुंद वितरण हे शिस्तीचे चिन्ह आहे, जिवंत टोकाचे प्रमाण नव्हे. पुष्कळदा पहिल्या खंडाचा सुंदर वर्णलेख प्रसिद्ध होतो आणि दुसऱ्या खंडाच्या लेखातील तो लहानसा फुगवटा दुर्लक्षिला जातो. त्या फुगवट्याचे क्षेत्रफळ मोजले, तर वर मांडलेल्या हिशेबातील मृत शृंखला तेथे एकेक करून हजर असलेल्या आढळतील.